प्रत्येक मजल्यावरचे दोन नमुने

"सत्य मतांनी ठरत नाही! सत्य आरडाओरड्याने ठरत नाही! सत्याला लागतो तो फक्त एक चांगला नमुना!"

एवढं बोलून सरांनी उजवा हात हवेत तसाच ठेवला. पस्तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवताना या वाक्यानंतर ते टाळ्यांसाठी जागा सोडत आणि पस्तीस वर्षं ती जागा रिकामीच राहत आली होती. आजही राहिली. सोसायटीच्या सभागृहात पंख्यांचा तेवढा आवाज होता. मग मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "मग अडलंय कुठे? समोरच उभा आहे की!"

सभा अशी काही हसली की पहिल्या रांगेत डुलकी घेणारे एक आजोबा जागे झाले आणि कोण निवडून आलं म्हणून विचारू लागले.

सरांनी हात खाली घेतला. हशा हा सहभागाचा उत्तम प्रकार आहे, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. समजूत घालण्यात ते तरबेज होते.

सभेपुढचा विषय होता व्हायोलिन. ते सरांच्या पत्नीचं, म्हणजे बाईंचं. बाईंनी अख्खी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली. कानाला हेडफोन लावून "जोडून देते" एवढंच म्हणायचं आणि दुसऱ्यांची भांडणं, लग्नं, आजारपणं एकमेकांना जोडून द्यायची. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक व्हायोलिन आणलं आणि जाहीर केलं, "इतकी वर्षं लोकांचं ऐकलं. आता लोकांनी माझं ऐकावं."

लोकांनी ऐकलं. त्यांच्यापुढे दुसरा इलाजच नव्हता. दुपारी तीन वाजले की चौथ्या मजल्यावरच्या आतल्या खोलीत बाई व्हायोलिन हनुवटीखाली धरत आणि एकच धून वाजवत. पहिल्या वर्षी त्या खोलीतल्या पालींनी घर बदललं. दुसऱ्या वर्षी धून ओळखू येऊ लागली. निदान कोणती धून चुकते आहे हे तरी कळू लागलं. तिसऱ्या वर्षी कधीकधी, एखाद्या दुपारी, ती सुरुवातीपासून शेवटापर्यंत सलग जाई. मग आतली खोली क्षणभर गप्प होई आणि बाहेर गॅलरीत बसलेले सर वर्तमानपत्र खाली करत. "छान" म्हणावं असं त्यांच्या ओठांवर येई. पण एका नमुन्यावरून मत देऊ नये, असा त्यांचा नियम होता.

गॅलरीत सरांची एक जुनी डुलती खुर्ची होती. बाई वाजवत तो सगळा वेळ सर त्या खुर्चीत पुढेमागे होत राहत. त्यांचा उजवा कान त्यांच्या आधीच निवृत्त झाला होता. डाव्या कानाने ते बाईंची धून ऐकत आणि तेवढी त्यांना पुरे होई.

तक्रार आली ती खालच्या वहिनींची. खालच्या वहिनी म्हणजे बरोबर खालच्या मजल्यावर राहणाऱ्या, घरी बसून परीक्षेचे पेपर तपासणाऱ्या आणि त्यामुळे जगावर आधीच चिडलेल्या. "रोज दुपारी डोक्यावर कुईं-कुईं, कुईं-कुईं! मी मुलांना मार्क द्यायचे की शिव्या?" असं त्या सचिवांना म्हणाल्या. सचिव बस डेपोतून नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी लगेच ठराव मांडला: इमारतीत वाद्य वाजवायला कायमची बंदी.

बाई सभेला आल्या नव्हत्या. घरातून निघताना सरांना त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "नको म्हणाले तर मी भांडणार नाही हं. व्हायोलिन भाच्याला देऊन टाकीन." हे त्या इतक्या हळू म्हणाल्या की सरांना धडकी भरली. भांडणाऱ्या बाईंची त्यांना सवय होती. न भांडणाऱ्या बाई त्यांनी एकदाच पाहिल्या होत्या, बाईंची आई गेली तेव्हा.

म्हणून सर उठले आणि सत्याबद्दलचं ते वाक्य बोलले. एका घराची तक्रार म्हणजे सगळ्यांचं मत नव्हे, आणि हात वर करून मोजलं तर जोरात बोलणाऱ्यांचंच मत मोजलं जाईल. तेव्हा रीतसर सर्वेक्षण करू. बहुसंख्यांना त्रास होत असेल तर बंदी, नसेल तर नाही.

"शंभर घरांना विचारायचं?" सचिव दचकले.

"छे! भांडं नीट ढवळलेलं असेल तर चमचाभर चाखून मीठ कळतं. प्रत्येक विंग, प्रत्येक मजला, दोन नमुने. बस्स. मात्र निवड यादृच्छिक हवी."

"या... काय?"

"यादृच्छिक."

"बरं," सचिव म्हणाले. डेपोत त्यांनी याहून अवघड गावांच्या पाट्या वाचल्या होत्या. "प्रत्येक मजल्यावरचे दोन नमुने काढून द्यायचे, एवढंच ना? माझ्यावर सोडा."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. सरांनी पस्तीस वर्षं सर्वेक्षण कसं करावं हे शिकवलं होतं, त्यात काय काय चुकतं हे फळ्यावर डावीकडून उजवीकडे लिहून दाखवलं होतं, पण स्वतः आजवर एकही सर्वेक्षण केलं नव्हतं. पोहण्याचं पाठ्यपुस्तक लिहिणारा माणूस प्रथमच विहिरीच्या काठावर उभा होता आणि कपडे चुरगळतील का, याची काळजी करत होता.

दुसऱ्याच दिवशी सचिव दारात हजर. "चला, नमुने तयार आहेत."

"इतक्या लवकर? चिठ्ठ्या टाकल्यात ना?"

"चिठ्ठ्या कशाला? मला सगळे तोंडपाठ आहेत."

सरांना वाटलं, सचिवांना चिठ्ठ्यांमधून निघालेली नावं तोंडपाठ झाली आहेत. त्यांनी डेपोच्या स्मरणशक्तीचं मनातल्या मनात कौतुक केलं.

पहिलं दार उघडलं ते एका गृहस्थांनी. ते घरातच छत्री उघडून बसले होते. वरच्या मजल्यावर पाइप आहे आणि पाइपाचा भरवसा नाही, असं त्यांचं म्हणणं. "व्हायोलिन? वाजवू देत की! उद्या माझ्या छत्रीवर बंदी आणाल." दुसऱ्या दारात एक दंतवैद्य, घराच्या स्वयंपाकघरात लाकडी बुद्धिबळाचे मोहरे कोरणारे, आतून यंत्राची घरघर. "अजिबात त्रास नाही. मला ऐकूच येत नाही." पुढच्या मजल्यावर एक आजी रेडिओवरच्या बातम्यांना उत्तरं देत होत्या. त्यांनी बातमीदाराला "थांब जरा" म्हटलं आणि मग सरांना सांगितलं की तुमची बायको गुणी आहे, हा रेडिओवाला मात्र खोटारडा आहे. त्यापुढे एक जण शिट्टीवर राष्ट्रगीतं शिकत होते, निरनिराळ्या देशांची. एका घरात कासवासाठी वेगळी खोली होती.

"मजेदार वस्ती आहे हो आपली," सर जिना चढताना म्हणाले. "एरवी कळत नाही."

"मजेदार काय, निवडक!" सचिव म्हणाले.

तेवीस घरांपैकी एकवीस घरं व्हायोलिनच्या बाजूने पडली. विरोधातलं एक घर खालच्या वहिनींचं होतं. दुसऱ्या घरातल्या गृहस्थांनी प्रश्न न ऐकताच सवयीने "विरोध" म्हटलं. सर तरंगत चौथ्या मजल्यावर पोहोचले. दारात थांबून ते म्हणाले, "झालं ना सगळं?"

"एक राहिलाय. या मजल्यावरचा दुसरा."

"कोण?"

सचिवांनी सरांच्याच दाराकडे बोट दाखवलं. "तुम्हीच की, सर."

सर हसले. मग त्यांचं हसू एक-एक पायरी खाली उतरलं. "सचिव, तुम्ही हे नमुने निवडले कसे?"

"कसे म्हणजे? तुम्हीच म्हणालात, प्रत्येक मजल्यावरचे दोन नमुने. आमच्या इमारतीतले नमुने मला नाही ठाऊक तर कुणाला? दोघंच निवडायचे म्हणून उलट त्रास झाला. दुसऱ्या मजल्यावर पाच जण तोडीस तोड आहेत."

सर पायरीवर बसले. सगळं वर्ष एका शब्दाची व्याख्या मुलांकडून पाठ करून घ्यावी आणि परीक्षेत सगळ्यांनी तिचा वेगळाच अर्थ लिहावा, तसं त्यांना झालं. चूक फक्त सचिवांचीही नव्हती. बाईंच्या नवऱ्याने दारात उभं राहून, छातीला वही धरून, "माझ्या पत्नीच्या व्हायोलिनचा तुम्हाला त्रास होतो का?" असं विचारल्यावर कोणता भला माणूस "हो" म्हणेल? आणि ज्या घरात दिवसभर यंत्र चालतं ते घर दुसऱ्याच्या आवाजावर बंदी का मागेल? आपल्या हाताने त्यांनी अशी वाटी भरली होती की जी सगळीच्या सगळी गोड लागणार.

आतून बाईंचं व्हायोलिन ऐकू येत होतं. बातमी जिन्यातून सरांच्या आधी घरी पोहोचली होती. बाईंनी खिडक्या उघड्या टाकल्या होत्या. त्या दिवशी धून पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग गेली, दोनदा.

रात्री सर जेवायला बसले. मग म्हणाले, "अगं, तो निकाल रद्द करावा लागेल."

बाईंचा हात वाढता वाढता थांबला. "का?"

सरांनी कारणं सांगितली. नमुना एकांगी होता. विचारणारा माणूस चुकीचा होता. त्यांनी पाण्याच्या पेल्याला समष्टी, म्हणजे सगळी वस्ती, आणि मिठाच्या वाटीला नमुना करून दाखवलं. बाईंनी शांतपणे मिठाची वाटी आपल्याकडे ओढून घेतली.

"अहो, लोकांचे नवरे बायकोसाठी खोटं बोलतात. तुम्ही खरं बोलणार, तेही निकाल माझ्या बाजूने लागल्यावर! चुकीला काही मर्यादा असते."

"असते ना! तीच काढायची आहे या वेळी." सर उत्साहाने म्हणाले, आणि म्हटल्यावर त्यांना कळलं की हे आत्ता बोलायला नको होतं.

बाई उठल्या. व्हायोलिन पुसलं, पेटीत ठेवलं, पेटीच्या दोन्ही कड्या लावल्या. खट्, खट्. "तुमच्या खऱ्या नमुन्यांचा निकाल लागेपर्यंत मी हात लावणार नाही. नंतर भाच्याला कळवायचं की नाही तेही तेव्हाच ठरवू."

सरांना झोप लागली नाही. निकाल तसाच ठेवला असता तर? एकवीस घरं राजी होती, बाई राजी होत्या, आणि छत्रीखाली बसलेला माणूस प्रातिनिधिक नमुना आहे की नाही हे विचारायला कुणीही येणार नव्हतं. पण एवढं त्यांना दिसत होतं की तो निकाल खोटा आहे हे त्यांना रोज दुपारी तीन वाजता आठवलं असतं. बाईंची धून ऐकताना दुसरं काही आठवावं, हे त्यांना नको होतं. हे बाईंना कसं सांगायचं ते मात्र कुठल्याच पुस्तकात दिलेलं नव्हतं.

दुसरं सर्वेक्षण त्यांनी पुस्तकात दिल्याप्रमाणे केलं. सगळ्या घरांच्या क्रमांकाच्या चिठ्ठ्या मोठ्या पातेल्यात घातल्या, पळीने ढवळल्या. सचिवांनी डोळ्यांवर रुमाल बांधून तीस चिठ्ठ्या काढल्या. प्रश्न छापून दिला: "या आठवड्यात आपल्याला चौथ्या मजल्यावरील व्हायोलिनच्या आवाजाचा त्रास झाला का? होय / नाही." काळ स्पष्ट हवा, असा सरांचा आग्रह. "कधीतरी झाला होता" असल्या उत्तरांना अर्थ नसतो. नाव लिहायचं नाही, कागद घडी करून खोक्यात टाकायचा, आणि खोकं घेऊन फिरायचं ते सचिवांनी. सर घराबाहेर पडणार नाहीत.

सर तो आठवडाभर गॅलरीत खुर्चीवर बसून राहिले. आतली खोली गप्प होती. तीन वाजत, चार वाजत. वर्तमानपत्र वाचून होई आणि तरी ते पुढेमागे, पुढेमागे डुलत राहत, नेहमीपेक्षा जास्तच, कारण करायला दुसरं काही नव्हतं. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्यांना उमगलं की ती धून कुठे अडखळते हे त्यांना पाठ आहे. तिसऱ्या ओळीनंतर, जिथे बाईंची करंगळी पोहोचत नसे. आता त्या अडखळण्याचीच त्यांना आठवण येत होती. बाई आत शिवणकाम करत. त्यांच्यात बोलणं होई ते "दूध संपलंय" एवढंच.

आठवड्यानंतर सभा भरली. या वेळी बाईही आल्या आणि शेवटच्या रांगेत बसल्या. सचिवांनी खोकं उघडून कागद मोजले. सोळा होय, चौदा नाही.

"सोळा जास्त," सचिव म्हणाले. "बंदी मंजूर!"

"थांबा, थांबा!" सर उठले. "तीस जणांना विचारलंय, सगळ्यांना नाही. दुसऱ्या तीस चिठ्ठ्या निघाल्या असत्या तर सोळाचे तेरा झाले असते, अठराही झाले असते. आपली वस्ती लहान म्हणून थोडी सूट धरली तरी पंधरा टक्के इकडे किंवा तिकडे, एवढी या उत्तराची चुकीची मर्यादा आहे. म्हणजे त्रास होणारे अडतीस टक्के असतील किंवा अडुसष्ट."

"म्हणजे त्रास होतो की नाही?"

"सांगता येत नाही."

"मग एवढी पातेली कशाला ढवळली?" मागून कुणीतरी म्हणालं. "सर, बस कधी येणार तर कधीही, असं आम्ही डेपोत फुकट ऐकतो."

सचिवांना हे लागलं. "डेपोचं नाव काढू नका. सर, मला एक शब्द हवा. हो का नाही?"

सरांनी मान वळवून शेवटच्या रांगेकडे पाहिलं. बाई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या, एक्स्चेंजमध्ये दुसऱ्यांची वाईट बातमी जोडून देताना बसत असतील तशा. सरांनी घसा साफ केला, काहीतरी बोलायचं म्हणून प्रश्नाचा कागद हातात घेतला आणि मोठ्याने वाचायला लागले. "या आठवड्यात आपल्याला चौथ्या मजल्यावरील..."

ते थांबले. पहिल्यापासून पुन्हा वाचलं. "या आठवड्यात."

"सर? बरं वाटतंय ना?" सचिव म्हणाले.

"सचिव," सर हळूच म्हणाले, "या आठवड्यात व्हायोलिन पेटीतून बाहेरच आलं नाही."

सभागृहात पंख्यांचा आवाज पुन्हा ऐकू येऊ लागला.

"एकदाही नाही!" सरांचा आवाज चढला. "आमच्याकडे भांडण झालं होतं, लपवायचं काय त्यात! आठवडाभर एक सूर वाजला नाही, आणि सोळा घरांना त्याचा त्रास झाला! अहो, लोक औषध म्हणून साखरेची गोळी देतात आणि रोगी बरा होतो. आपण व्हायोलिन म्हणून शांतता दिली आणि सोळा घरं आजारी पडली! असा प्रयोग मी पस्तीस वर्षं फळ्यावर काढत होतो, करायला कधी मिळाला नव्हता!"

सभा एकमेकांकडे बघू लागली. ज्यांच्या घरी कागद गेले होते ते छताकडे बघू लागले. पण खालच्या वहिनी उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "म्हणजे मी खोटं बोलते? माझ्याकडेही आला होता कागद. मी होय लिहिलंय, आणि पुन्हा लिहीन! रोज दुपारी माझ्या डोक्यावर कुईं-कुईं, कुईं-कुईं! या आठवड्यात तर जास्तच. ताई, तुम्हीच सांगा, तुम्ही वाजवत नव्हता?"

"नाही हो," बाई म्हणाल्या. "पेटीला हातही लावला नाही."

"मग ते काय होतं?"

सचिवांनी डेपोतल्या पद्धतीने मार्ग काढला: चौकशी चालू आहे, ठराव रद्द. माणसं उठली. जाता जाता खालच्या वहिनींनी बाईंचा हात धरला आणि म्हणाल्या, "तुमची ती धून मला आवडते हो, खरं तर. ती संपते तेव्हा बरं वाटतं." आणि हे वाक्य कसं घ्यावं ते बाईंवर सोडून त्या जिना उतरल्या.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता पेटीच्या कड्या उघडल्या. खट्, खट्. सर गॅलरीत खुर्चीत बसले. त्यांना खूप बोलायचं होतं. आतल्या खोलीच्या दिशेने मान करून ते बोलू लागले.

"अगं, म्हणून मी तो पहिला निकाल ठेवला नाही. चुकीची मर्यादा काढता येते ती नशिबाच्या चुकीची. चिठ्ठी ही निघाली की ती, एवढीच. माणसाच्या चुकीला मात्र मर्यादा नसते, तू असते म्हणालीस तरी. आणि खरं सांगू का, तो खोटा निकाल कानात ठेवून मला तुझं ऐकायचं नव्हतं. तिसऱ्या ओळीनंतर तुझी करंगळी अडते, ते मला... म्हणजे तीन वर्षांचा नमुना पुरेसा मोठा आहे. छान वाजवतेस. पंधरा टक्के इकडेतिकडे."

आतून अजून एकही सूर आला नव्हता. सर समाधानाने डुलत राहिले. पुढे, मागे. पुढे, मागे.

मग बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. व्हायोलिन एका हातात, गज दुसऱ्या हातात. त्या सरांकडे पाहत नव्हत्या. मान तिरकी करून, एक्स्चेंजमध्ये दूरच्या गावची ओळ ऐकावी तशा, त्या खुर्चीच्या उजव्या पायाकडे कान लावून होत्या. खालून वहिनींची खिडकी धाडकन बंद झाली.

"काय झालं?" सर म्हणाले. "वाजव ना."

"वाजवते," बाई म्हणाल्या. "त्याआधी तेवढं शिलाई मशीनच्या खणातलं तेल आणा, आणि या खुर्चीला घाला."